ठराव नंबर सातचा सूचक

बेळगाव,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. भीम्यास,

जयभीम. फोन लावून लावून अंगठा दुखला. नंबर बदललास, फोन विकलास, की दोन्ही? शेवटी भरमाच्या आईकडून तुमच्या दोघांच्या मोरबीच्या खोलीचा पत्ता घेतला. हे पत्र भरमा आधी वाचणार हे मला माहीत आहे. भरमा, पुढं दे ते.

एकच विचारते. बारा नोव्हेंबरला तू गावात आलतास?

त्या दिवशी आपल्या कुरणवाडीत ग्रामसभा झाली म्हणे. मी पंचायतीत जाऊन तिची नक्कल काढली. ठराव नंबर सात : वस्तीतली अभ्यासिका पाडून त्या जागेवर दुकानगाळे बांधावेत. सूचक : श्री. भीमरत्न सत्याप्पा शिंगे. शेजारच्या हजेरीच्या पानावर तुझी सही.

ज्या खोलीसाठी आईनं डोक्यावरून दगड वाहिले, जिथं बसून मी वकील झाले आणि तू झोपा काढल्यास, ती खोली पाडा म्हणून तूच सुचवलंस? अध्यक्षबाईंचा नवरा आण्णाप्पा नक्कल घेऊन गावभर हिंडतोय. "तुमच्याच पोरानं मांडलंय, आम्ही कोण न्हाय म्हणणार?" वस्तीतली माणसं मला बघून रस्ता बदलतात. आपला आप्पा तर विषय काढला की विहाराकडं चालू लागतो.

उत्तर लेखी दे. फोनवर तू "हं, हं" करतोस आणि ठेवतोस.

सुविधा

* * *

मोरबी,
५ डिसेंबर

ती. आक्कास भीमरत्नाचा जयभीम.

तुझं पत्र भरमानं आधी वाचलं, मग शेजारच्या खोलीतल्या बिहारी पोरांना हिंदीतनं सांगितलं, आन् मग मला दिलं. आता आख्खी चाळ मला 'सूचकसाब' म्हणून हाक मारत्या. फोन विकला न्हाय. टाईलच्या मातीच्या टाकीत पडला. आतापर्यंत भाजून कुणाच्यातरी न्हाणीघरात बसला असंल.

राग धरू नको, पण पयल्यांदा वाचलं तवा मला जरा बरंच वाटलं. नववीत दोनदा आपटलेला माणूस ठराव मांडतोय! त्येंनी 'श्री.' लावलंय का खरंच, का तू लावलंस?

दुसऱ्यांदा वाचलं तवा अभ्यासिका दिसली. मग जेवाण गेलं न्हाय. तिथं मी झोपायचो हे खरं हाय. पण तसली झोप मला परत कुठं लागली न्हाय बघ. तू मोठ्यानं कलमं पाठ करायचीस आन् मला गार वाटायचं.

मी आलो न्हवतो. शप्पथ. बारा तारखेला मी कंपनीत ड्यूटीवर हुतो. सुपरवायझर माणसाला कुठली सुट्टी? अकरा माणसं हायत माझ्या हाताखाली. मी हाललो तर कारखाना हालतोय.

तू वकील हायस, आण्णाप्पाला दाखव तुझा हिसका. आप्पाला म्हणावं, पोरगं जाग्यावर हाय.

तुझा
भीमरत्न

* * *

बेळगाव,
१३ डिसेंबर

भीम्या,

'श्री.' त्यांनीच लावलंय. झालं समाधान?

आता नीट वाच. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. कायद्यानं तिला मान मोठा आहे, म्हणून तर तिच्या नावानं काहीही खपवता येतं. आपली अध्यक्षाची जागा बायकांसाठी राखीव, तेव्हा अध्यक्ष आहेत मंगलवैनी. पण खुर्चीत बसतो त्यांचा नवरा आण्णाप्पा. मंगलवैनींच्याकडं वही घरी जाते, त्या पिठाचा हात पुसून सही करतात. त्या दिवशी सभेला बारा माणसंही नव्हती. मग नळाला पाणी सोडणारा मष्णू वही घेऊन घरोघर सह्या गोळा करत फिरला. हे दर वेळचंच. कुणी विचारत नाही म्हणून चालतं.

मी विचारलंय. तालुका पंचायतीकडं तक्रार घातली. सुनावणी आठ जानेवारीला. सूचक सभेला नव्हताच हे दाखवलं की ठराव पडला. त्यांनी तुझं नाव का घातलं तेही उघड आहे : वस्तीनं स्वतःच जागा सोडली असं दिसायला पाहिजे, आणि नाव अशा माणसाचं पाहिजे जो कधी येऊन विचारणार नाही.

तेव्हा तुझ्या कंपनीकडून लेटरहेडवर पत्र घे : भीमरत्न शिंगे बारा नोव्हेंबरला कामावर हजर होता. खाली शेठची सही आणि शिक्का. तू सुपरवायझर आहेस, तुला एवढं देतीलच.

अभ्यासिकेत आता बावीस मुलं बसतात. गेल्या आठवड्यात आण्णाप्पाच्या माणसांनी भिंतीवर चुन्यानं फुली मारली.

आप्पा नीट जेवत नाही. माणसांचे टोमणे लागले असतील.

सुविधा

* * *

मोरबी,
२० डिसेंबर

आक्का, जयभीम.

पत्राचं काम चालू हाय. जरा अडचण झाल्या. शेठ राजकोटला गेल्यात आन् शिक्का त्येंच्या खिशात हाय. कवा येतील सांगता येत न्हाय, मोठी माणसं.

तवर दुसरं कायतरी चालंल का? भरमा शपथेवर सांगाय तयार हाय. फक्त शपथ आधी लिहून पाठव, म्हंजे पाठ करून ठेवंल. न्हायतर माझा फोटो पाठवतो. मागं कंपनीची चिमणी दिसत्या, फुडं मी. चिमणी काय कुरणवाडीत न्हाय.

मला एक कळत न्हाय. जित्या माणसाच्या शब्दापरास तुझ्या कायद्याला शिक्का का गोड लागतोय? मी म्हणतोय न्हवतो, तर न्हवतो. माझ्यापेक्षा मला कुणी जादा बघितलंय?

ती सहीची झेरॉक्स धाड. बघू तर, कोण माझा जुळा भाऊ निघालाय गावात.

आप्पाला दूध दे रोज.

भीमरत्न

* * *

बेळगाव,
२७ डिसेंबर

भीमरत्न,

शेठ राजकोटला गेलेले नाहीत. मी कंपनीत फोन केला, तो त्यांनीच उचलला. "भीमरत्न? वो तो तीन नवंबर को काम छोड़ गया." मी विचारलं, सुपरवायझर होता ना? त्यावर ते इतका वेळ हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

आता माझ्या डोक्यात काय चाललं असेल ते तूच बघ. आण्णाप्पा सांगतोय, तू आलतास आणि त्यानं स्वतः तुला चहा पाजला. मी म्हणत होते खोटं बोलतोय. काल आप्पाला स्पष्ट विचारलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "सही पोराचीच हाय. आला असंल. तू ती केस सोड, पोरी."

आप्पा म्हणतोय केस सोड! ज्यानं निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती वाहून मला एलएल.बी. केलं, तो आप्पा.

म्हणजे तू खरंच गुपचूप येऊन गेलास का? आण्णाप्पानं तुला काय कबूल केलं? एखादा गाळा?

सुनावणीला बारा दिवस आहेत. बारा नोव्हेंबर, सकाळी अकरा ते दुपारी एक. कुठं होतास? खरं लिहायचं असेल तरच लिही. सहीची झेरॉक्स सोबत आहे. ओळखते का बघ तुला.

सुविधा

* * *

मोरबी,
१ जानेवारी २०२६
(स्पीड पोस्टानं)

आक्का,

खरंच लिहितो. एका दमात लिहितो, न्हायतर मधीच उठून कुठंतरी जाईन.

मी सुपरवायझर कवाच न्हवतो. ट्रकात टाईलच्या पेट्या भरायचो. अकरा माणसं हाताखाली हुती हे मात्र खोटं न्हाय. ती खाली उभी राहून पेटी वर द्यायची आन् मी ट्रकावर उभा. तीन तारखेला तेबी सोडलं. कुणी बोललं न्हाय, भांडण न्हाय. पाय खाजवाय लागलं, बस्स. वाळवंट बघावं वाटलं.

आठ दिवस इकडं तिकडं केलं, मग जोधपूरच्या गाडीत चढलो. तिकीट न्हवतं. काळा कोट घातलेला माणूस आला. मला वाटलं तुझ्यातला वकील, म्हणून मी उठून नमस्कार घातला. तो तिकीट तपासणारा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेच्या कोर्टात उभं केलं. न्यायाधीश बाई हुत्या, तुझ्यासारखा चष्मा. "गुन्हा कबूल है?" मी म्हटलं, "जी. रेगिस्तान देखना था." सगळं कोर्ट हसलं, बाई हसल्या न्हाईत. दंड, आन् कोर्ट उठेपर्यंत कैद. ही कैद काय असत्या तुला ठावं असंल. मागच्या बाकड्यावर बसायचं, कोर्टाचं काम संपून बाई उठल्या की मोकळं. सकाळी साडेधा ते संध्याकाळी पाच. एका बाकड्यावर एवढा येळ मी आयुष्यात बसलो न्हाय. शेजारी बिनतिकिटाचा एक साधू हुता, तो डोळं मिटून, समाधी लावून बसल्या बसल्या सुटला, मी न्हाय.

तारीख बारा नोव्हेंबर. गावात मी ठराव मांडत हुतो तवा तिकडं सरकार मला राखत बसलं हुतं. हुकमाची नक्कल आन् दंडाची पावती सोबत जोडल्या. वाळवंट न बघताच मोरबीला माघारी आलो, आन् लाज वाटली म्हणून लपवलं. वकिलीणबाईचा भाऊ आन् कोर्टानं बसवून ठेवलेला.

पर आक्का, हे कागद तू सुनावणीत घालू नको.

झेरॉक्स बघितली. नावाखाली दोन रेघा, आन् रेघांखाली एक टिंब. तुझ्या प्रगतिपुस्तकावर आई सही करायची, कौतुकानं. माझ्यावर आप्पा करायचा, आधी पायताण काढून. नऊ वर्षं मी त्या दोन रेघा आन् टिंब बघितलंय. माझं नाव आप्पानं लिहिलंय.

का लिहिलं मला म्हाईत न्हाय. पर मी तिथं न्हवतो हे शाबीत झालं की साहेब विचारणारच, मग सही कुणाची? अडुसष्ट वर्षाचा माणूस, दुसऱ्याची सही केली म्हणून पोलिसात जायचा. तो केस सोड का म्हणतोय कळलं का आता?

त्यापरास मी कबूल होतो. मी आलतो, मी मांडला, आण्णाप्पानं चहा पाजला. लिही तसं. गावानं शिव्या दिल्या तरी मला ऐकू येत न्हाईत, मी असतोय कुठं गावात? खोली वाचवायला तू दुसरी कायतरी पळवाट काढ. तुमच्या पुस्तकात लई असत्यात.

भीमरत्न

* * *

बेळगाव,
१० जानेवारी

भीम्या,

तुझं पत्र सात तारखेला दुपारी इथं आलं, ते घेऊन मी लगेच गावी गेले. मी ते आप्पासमोर मोठ्यानं वाचलं. सगळं. साधूला तो हसला. सहीच्या ओळीला उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोक्यावर ठेवणीतली टोपी होती. म्हणाला, "उद्या मीबी येतो."

मी म्हटलं, आप्पा, विचार कर. तो म्हणाला, "पोरगं माझ्यापाई खोटं बोलाय तयार झालं. आता विचार करायला काय राह्यलंय?"

सुनावणीला आण्णाप्पा पांढऱ्या कपड्यात. मी जोधपूरच्या हुकमाची नक्कल पुढं ठेवली. साहेबांनी दोनदा वाचली. मग आण्णाप्पाला म्हणाले, "तुम्ही यांना चहा पाजला तेव्हा हे रेल्वेच्या कैदेत होते. चहा जोधपूरला पोचवला का?"

मग सही पुढं केली आणि ती कुणाची ते कन्नडमधून विचारलं, "इदु यार सही?"

आप्पा उभा राहिला. "नंदे, साहेब. माझीच."

"मुलाचं नाव तुम्ही का लिहिलं?"

आणि भीम्या, त्यानं जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहिते. "पोरगं कायम भाईर. मष्णू म्हणाला, गावात दिसला न्हाय तर नाव कापत्यात. मताच्या यादीतनं, रेशनातनं, सगळीकडनं. म्हणून जिथं वही दिसंल तिथं मी त्याचं नाव लावतो. लग्नाच्या आहेरात लावतो. विहाराच्या वर्गणीत लावतो. रक्तदानातबी लावलं."

"रक्त कुणी दिलं?"

"ते मीच दिलं की."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मग गंभीर होऊन विचारलं, "ठराव वाचला नाहीत?"

"ठराव न्हवताच, साहेब. हजेरीचं पान हुतं. शेजारचं पान कोरं."

मष्णूला बोलावलं. तो पहिल्याच प्रश्नाला घामाघूम. शेजारचं पान दुसऱ्या दिवशी आण्णाप्पाच्या घरी लिहिलं गेलं, हे त्यानं कबूल केलं. हजेरीतली नावं बघून त्यातलं एक उचलायचं होतं. तुझं उचललं.

ठराव रद्द. आप्पाला ताकीद मिळाली, माफीनामा लिहून घेतला. त्याखाली त्यानं स्वतःची सही केली, रेघा-टिंबासकट. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चहा पाज." दोन कप प्याला आणि वर एक भजी प्लेट.

माझा राग अजून आहे. तुझ्यावर नाही, माझ्यावर. दीड महिना ती सही माझ्या टेबलावर होती आणि मला दिसली नाही. तुझं पत्र मी फाईलला लावलेलं नाही. माझ्याजवळ ठेवलंय.

आता काम. नवी ग्रामसभा अठ्ठावीस जानेवारीला, तालुक्याचे साहेब समोर, व्हिडिओ चालू, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत फक्त अध्यक्ष. जुना ठराव पडला म्हणजे खोली वाचली असं नाही. आण्णाप्पा तोच ठराव पुन्हा आणेल. त्याआधी आपला मांडला पाहिजे : ती जागा पंचायतीच्या मालमत्तेच्या वहीत अभ्यासिका म्हणून नोंदवावी. सूचक तूच. मला त्या दिवशी धारवाडला खंडपीठात तारीख आहे, सोडता येत नाही.

तिकीट काढून ये. आणि जे होईल ते त्याच दिवशी लिहून ठेव. तोंडी तुझं मला चालत नाही.

सुविधा

* * *

कुरणवाडी,
२८ जानेवारी २०२६

आक्का, जयभीम.

विहाराच्या पायरीवर बसून लिहितोय. घरात माणसं मावत न्हाईत.

शाळेच्या पटांगणात सभा. एवढी माणसं मी गावच्या कुस्तीलाच बघितल्यात. मंगलवैनी खुर्चीत बसल्या, पयल्यांदा. टोकावर बसल्या, कुणीतरी उठवंल अशा. आण्णाप्पा मागं भिंतीला टेकून. तिथनं त्याची मान सारखी खुर्चीकडं जायची.

साहेबांनी माझं नाव पुकारलं. तू लिहून दिलेलं मी गाडीत दोन दिवस पाठ केलं हुतं. उभा राह्यलो, "माझी अशी सूचना आहे की," इथवर आलं आन् फुडचं सगळं गेलं. आप्पानं डोळं मिटून घेतलं. मग मी माझंच बोललो. म्हटलं, "ती खोली आमच्या आयांनी दगड वाहून बांधल्या. आमची आक्का तिथं वकील झाली. मी तिथं झोपलो. झोपाय का हुईना, पोरगं पुस्तकाजवळ येतंय. ती खोली वहीत खोली म्हणून न्हाय, अभ्यासिका म्हणून लिवा. म्हंजे उद्या कुणाच्या नावानं ती कुणाला पाडता येणार न्हाय." खाली बसलो तर घाम कानातनं आलता.

साहेब म्हणाले, हात वर करा. मष्णू मोजाय लागला. बाजूनं एकशेचार. मग विरोधातले मोजले, एकशेअठरा.

तेवढ्यात मंगलवैनी हळूच म्हणाल्या, "हात दोन-दोन दिसाय लागल्यात."

बघितलं तर आण्णाप्पाचे दोन्ही हात वर. "एक माझा, एक आमच्या दादाचा. त्यो गुंजीला पावण्याकडं गेलाय." त्याच्या फुडच्या रांगेत सगळ्यांचं तसंच. ह्यो आईचा, ह्यो बायकोचा, ह्यो पुण्याच्या पोराचा. आक्का, खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो, आमच्या वस्तीतल्या निम्म्यांनीबी दोन-दोनच वर केलते. गावची रीतच ती. घरातला एक येतोय आन् घरभराचे हात उचलतोय.

आण्णाप्पा वराडला, "अगं, लिहून टाक आकडा! मोजलंय की मष्णूनं!"

मंगलवैनी उठल्या. पदर खोचला. घरात आवाज देत्यात तसा आवाज काढला. "आरोहीचे पप्पा, एका माणसाला एकच हात. दुसरा खाली घ्या. सगळ्यांनीच घ्या. मष्णू, लांबनं न्हाय, रांगेत शिरून मोज."

बायकांच्यातनं एकीला हसू फुटलं, आन् हात खाली यायला लागलं. आण्णाप्पाचा सगळ्यात शेवटी आला. कुठला खाली घ्यावा हे त्याला कळंना, आधी दोन्ही घेतलं, मग एक वर केला.

बाजूनं त्र्याऐंशी. विरोधात एकसष्ट.

त्र्याऐंशी आमच्याच वस्तीचे न्हाईत आक्का, वस्तीत तेवढी माणसंच न्हाईत. वरच्या गल्लीतल्या बाया हुत्या. त्यांची पोरंबी तिथंच बसाय येत्यात, त्येंच्या घरच्यांना म्हाईत न्हवतं इतकंच. मंगलवैनींची आरोही बारावीला हाय, तीबी. हे आण्णाप्पाला आज कळलं, सगळ्या गावासंगट.

साहेबांनी तिथल्या तिथं वहीत लिहिलं. मला सही कराय बोलावलं. मी माझी केली, वाकडी झाली.

मग म्हणाले, अभ्यासिकेला देखरेख समिती पाहिजे. पाच माणसं, म्हैन्याला एक बैठक, गैरहजर राह्यला तर नाव जातंय. नावं सांगा. आप्पा उठला. मला वाटलं, झालं, आता लावतोय माझं. त्यानं स्वतःचं सांगितलं आन् माझ्याकडं न बघता खाली बसला. मी वाट बघितली. त्यो काय हाललाच न्हाय.

मग मीच हात वर केला.

मंगलवैनी म्हणाल्या, "म्हैन्याला यावं लागंल, भीमरत्न. मोरबीवरनं जमायचं न्हाय." मी म्हटलं, बघतो. सगळे हसले. आप्पा हसला न्हाय. त्यो टोपी काढून उगाच झटकत बसला, तीनचार येळा.

तर बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्या फौंड्रीत माणूस लागतोय का विचार. भट्टीवर, भरणीवर, कायबी. मी सोमवारी बेळगावला येतो. तुझ्या खोलीत चटई घालून ठेव, आन् रात्री कलमं मोठ्यानं वाचत जा.

भीमरत्न सत्याप्पा शिंगे,
सदस्य, अभ्यासिका देखरेख समिती, कुरणवाडी